घोडीची शाबासकी खाल्लेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी काळी सायकल आहे आणि माझे एका घोडीशी वैर आहे. घोडी मरून कितीतरी वर्षे झाली. वैर मात्र ठणठणीत आहे.

जन्म माझा कारखान्यातला. पण खरे आयुष्य सुरू झाले ते एकोडी गावात, सोमाजी गुरुजींच्या दारात. गुरुजी आधी फौजेत, घोडदळात होते. तिथली नोकरी पुरी करून ते गावच्या शाळेत मास्तर झाले. फौज सुटली, बिजली नावाची घोडी काही सुटली नाही. धानाच्या बांधांवरून मी त्यांना शाळेत पोचवले की माझ्या सीटवर थाप मारून म्हणत, "शाब्बास, बिजली!" धाप मला लागलेली, शाबासकी तिला. घरी आल्यावर आधी मला पुसत, साखळीला तेल देत आणि मगच जेवायला बसत. घोडदळाची तशी शिस्त म्हणे. म्हणजे माझे तेलसुद्धा तिच्याच पुण्याईचे.

एकदा तलावाच्या पाळीवरून, त्या उंच बांधावरून, उतरताना गुरुजींनी ब्रेक दाबायचा सोडून लगाम ओढावा तसे हँडल मागे ओढले. "हो, हो!" म्हणेपर्यंत आम्ही दोघे पाण्यात. गाव म्हणाले, सायकलच अडेल आहे. घोडीला कोणी काही म्हणाले नाही.

गुरुजी गेले. बैठकीत त्यांचा घोडीवर बसलेला फोटो लागला. दसऱ्याला हार पडतो. त्यातली निम्मी फुले घोडीच्या मानेवर येतात. मी गुरांच्या कोठ्यात, तणसाच्या पेंढ्यांखाली.

परवा त्यांचा मुलगा संजीव भंगारवाल्याला घेऊन आला. भंगारवाल्याने मला उचलले, तोच गुरुजींच्या पत्नी रंभाबाई बाहेर आल्या.

"काहून रे, हिले कायले काढली?"

"जागा अडवून राहिली, माय. बाबाची आठवण म्हणून फोटो आहे नं घरात."

"त्या फोटोत मी आहो का?"

संजीवने दारातून फोटोकडे पाहिले.

"लगन झाल्यावर मी हिच्याच कॅरिअरवर बसून आली या घरी. उतरलो, तं तुझा बाप म्हणे, 'शाब्बास, बिजली!' मले वाटलं, लाडानं मलेच म्हणते. महिनाभर खुशीत होती मी! मंग समजलं, थे घोडी होय."

भंगारवाला फिसकन हसला.

"हास, बाबू, हास. पण पयले हिले खाली ठेव."

मी वाचले. पण खरे सांगते, थोडे वाईटही वाटले. इतकी वर्षे मी समजत होते, या घरात त्या घोडीवर जळणारी मी एकटीच. त्यातही माझ्यापेक्षा रंभाबाईंचा हक्क मोठा निघाला.

आता मी ओसरीत असते. मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा, म्हाताऱ्या माणसांना त्याहून जपा. त्यांचे कौतुक ती समोर आहेत तोवर करा. आणि करताना तोंड त्यांच्याकडे ठेवा.