बाईंच्या गॅरेजचं शटर

"बदलूनच टाका हो. याला आता तेल पाजून काय उपयोग?" शटरवाल्याने हात झटकले आणि स्कूटर सुरू केली. बाई फाटकाशी उभ्या राहिल्या. त्याच्या आधीचा तर 'उद्या येतो' म्हणून जो गेला, तो फोनही उचलेना.

त्या गॅरेजमध्ये मोटार कधी आलीच नाही. वडिलांनी हौसेने आधी गॅरेज बांधलं, मोटार घ्यायची राहून गेली, आणि त्या मोकळ्या जागेत बाईंनी शिवणवर्ग काढला. सकाळी त्यांनी शटर वर ढकललं की तो खडखडाट ऐकून उशीर झालेल्या मुली धावत सुटायच्या. आता डोळ्यांनी दगा दिला, वर्ग बंद पडला. मशिनं एका प्रशिक्षण केंद्राला द्यायचं ठरलं आणि नेमकं तेव्हाच शटर अडकून बसलं. स्वयंपाकघराकडच्या अरुंद दारातून मशिनं निघत नव्हती.

"ताई, नवीनच बसवू," धाकटा भाऊ म्हणाला. "पुढे माझी गाडी तरी राहील आत."

"बसव की. पण मशिनं याच शटरखालून जाऊ देत."

भावाला हसू आलं, पण त्याने आणखी एक फोन लावला.

दुपारी गाडीतून एक मध्यमवयीन स्त्री उतरली. अंगात निळा डगला, पायात जाड बूट. शटरकडे बघायच्या आधी तिने बाईंकडे बघितलं.

"ओळखलंत का, बाई?"

"आवाज ओळखीचा वाटतोय गं."

"मी तिरपी!"

बाई खुदकन हसल्या. रेघ आखून दिली तरी हिची शिवण तिरकीच जायची, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव.

"अगं, तू आणि हे लोखंडाचं काम?"

"नवऱ्याचं वर्कशॉप आहे. नुसती बघायला गेले आणि वेल्डिंगलाच चिकटले. लोखंड बरं, बाई. चुकलं तर पुन्हा जोडता येतं. तुमचं कापड एकदा कापलं की संपलं!"

तिने शिडी लावली, वाकलेल्या पट्ट्या ठोकून सरळ केल्या, स्प्रिंगशी बराच वेळ झटापट केली.

"एकदा जाईल वर. पुढचं सांगत नाही."

"एकदाच हवंय."

दोघींनी हात लावला. शटर कुरकुरत, अडखळत वर गेलं आणि उजेड मशिनांवर पडला. तिरपी थेट कोपऱ्यातल्या मशीनशी गेली. चाकावर हात ठेवून उभी राहिली.

"इथे बसून मी गुपचूप रडायचे."

"माहीत होतं मला. म्हणून तर तुला तिथे बसवायचे. कुणाला दिसू नये."

तिरपी नुसतं चाक फिरवत राहिली.

संध्याकाळी केंद्राचा टेम्पो मशिनं घेऊन गेला. भाऊ पोहोचवायला सोबत गेला. रिकाम्या गॅरेजात बाईंनी झाडू उचलला.

"थांबा, पायात काही घुसेल," म्हणत तिरपीने पेटीतून मोठं लोहचुंबक काढलं आणि फरशीवरून फिरवलं. फटीफटींतून टाचण्या उठून त्याला चिकटू लागल्या. गंजलेल्या, वाकड्या, काही अजून चकचकीत.

"अगं बाई, इतक्या?"

"मुलीही तितक्याच होत्या ना, बाई."

बाईंनी तळहात पुढे केला. तिरपी क्षणभर थांबली. तिने आपला चामड्याचा हातमोजा काढून बाईंच्या हातात नीट चढवला, आणि मग एकेक टाचणी सोडवून त्यावर ठेवू लागली.