राखीव हवा

चौथ्या ओळीपुढची पेन्सिलीची खूण इतरांपेक्षा जरा आडवी पडली होती — शेपूट लांब, घाईची — आणि वत्सला मघापासून तिच्याकडे पाहत होती, जणू पाहता पाहता त्यातून पुंडलिकचा आवाज ऐकू येणार होता. रोज तो कामाला निघताना ती यादी वाचायची, तो वस्तूला हात लावून ‘आहे’ म्हणायचा, मग ती खूण करायची. मुखवटा. आहे. सुरी. आहे. दोर. आहे. राखीव हवेचा खटका, वर... आणि इथे त्यांची छबू रडली होती. खूण होती, ‘आहे’ आठवत नव्हतं.

पाणबुड्याच्या पाठीवरच्या हवेच्या टाकीला तो खटका. हवा संपत आली, श्वास जड झाला, की खाली ओढायचा. मग वर येण्यापुरती मिळते. पण तो आधीच खाली असेल तर ओढायला काही उरत नाही... लग्न होऊन ती बोईसरला आली तेव्हा पुंडलिकने हे किती हसत सांगितलं होतं! “बी.ए. बायको केली ती कशाला? मी विसरलो तर तू आहेस.” आणि आज सव्वा वर्षाची छबू त्याच टाकीला धरून उभी राहिली होती, खटक्याची तार मुठीत घेऊन. वत्सलाने तिला ओढून कडेवर घेतलं, तेव्हा खटका वर होता, असं आधी वाटलं. दूध उतू गेलं तेव्हा आठवला, तो अर्धा होता. आता, भांडी पुसताना — खाली.

जेट्टीवर, पाण्यात उतरण्याआधी, ज्याने त्याने आपली टाकी पुन्हा तपासायची, असा तिथला नियम. पुंडलिक तपासेल. की म्हणेल, घरी झालंय?

“मावरा नको का आज, वैनी?” सोजराबाईने दारात मासळीची पाटी उतरवली.

“नको... पाणी कसं आहे हो आज?”

“पान्याला काय झालंय? भरतीचं भरून थांबलंय. तुजा नवरा उतरला असल.” तिने वत्सलाला निरखलं. “आमचे रोज जातात दर्यात. आमी काय भिताडाकडं बघत बसतो? बसलो तर तुला बोंबील कोन देल?” ती हसली, आणि हसता हसता थांबली. “ही पोर अशी काय करतेय?”

छबू जमिनीवर बसली होती. गाल फुगवलेले, ओठ घट्ट, डोळे छताकडे. रडत नव्हती, हलत नव्हती. श्वास धरून. वत्सला मोजू लागली — पाच, सहा — आणि आपलाही थांबलाय हे तिला कळलंच नाही. खोलीतला उजेड हिरवट झाला, सोजराबाईचे ओठ हलत होते पण शब्द फार वरून, कुठून तरी... मग छबूने तोंड उघडलं. ओठावर एक बुडबुडा आला, फुटला. ती हसली.

वत्सलाने तिला उचललं आणि कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाली. फोन तिथेच होता. हसतील त्याला — बायको मागे लागली म्हणून. आणि खटका खाली निघालाच, तर उद्या त्याला पाण्यात कोण उतरवेल? दुसरं काम तरी त्याला कुठे येतं?

“हां, बोलो,” जेट्टीवरचा पहारेकरी ओरडला.

“पुंडलिक... पाण्यात गेलेत का?”

“नीचे है. आधा घंटा हो गया. कुछ बोलना है, भाभी?”

काही नाही, म्हणता आलं असतं. तोंडात तेच आलं होतं.

“त्यांना वर काढा. आत्ता. तो खटका... मी न बघताच खूण केली. मी.”

पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज. धावती पावलं, कुणाला तरी हाक, मग नुसती घरघर — समुद्राची की तारेची कोण जाणे. दुकानदाराने खुणेने विचारलं, झालं का? तिने नकारार्थी मान हलवली.

सकाळपासून तिला एवढंच हवं होतं — कळायला हवं होतं. आता पावलं परत येऊ लागली. धावत नव्हती. सावकाश, फळ्यांवरून, एकेक. आणि वत्सलाला वाटलं, रिसीव्हर ठेवलेलं ते टेबल अजून खूप लांब असू दे.