डोंगरवाली गप्प झाली तेव्हा

मी एक जुना मोबाईल आहे. जुना म्हणजे किती, मित्रांनो? सहा वर्षांचा. सहा वर्षांचं मूल पहिलीत जातं. सहा वर्षांच्या मोबाईलला मात्र सगळे म्हातारा म्हणतात. माझी पाठ फुगली आहे, एक कोपरा तडकला आहे, आणि बोलता बोलता मी अडकतो. अडकलो की दहा सेकंद मागे जातो आणि तेच पुन्हा सांगतो. तेवढं सांभाळून घ्या.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. पांढरा उजेड आणि हातमोजे घातलेली बोटं, एवढंच. मग खोका, मग एका दुकानातलं काचेचं कपाट. तिथून मला सत्यम नावाच्या तरुणानं घेतलं. तो चिकलठाण्याच्या एका कंपनीत कामाला जायचा. त्यानं मला कव्हर घातलं आणि मित्रांना दाखवून म्हणाला, "फोटू बघ कसा काढतो!" माझ्या वाट्याचं सगळं कौतुक त्या पहिल्या वर्षातच उरकलं. पुढे त्यानं नवा मोबाईल घेतला आणि मला बायकोच्या हातात दिलं. मी आनंदानं गेलो.

दहा सेकंद मागे.

मी आनंदानं गेलो नाही. घाबरत गेलो. त्याच्या बायकोचे हात कायम ओले असायचे.

तिचं नाव मोनिका. ती सोयगावची. माहेर कुंभाराचं, सासरही कुंभाराचं. शहरानं वेढलेल्या मुकुंदवाडी गावात त्यांच्या घरामागे पत्र्याची शेड होती. शेडमध्ये सासऱ्यांचं, धोंडिबांचं, जड चाक. पूर्वी शेडच्या दारातून शेतं दिसायची म्हणे. मला दिसल्या त्या तीन बाजूंनी चढत गेलेल्या इमारती. जिथून धोंडिबा माती आणायचे तिथं आता गाड्या लावतात. शेडच्या कोपऱ्यात उरलेला मातीचा ढीग हीच काय ती शिल्लक होती.

धोंडिबांनी त्या चाकावर उभा जन्म काढला. पण आता त्यांचे हात थरथरायचे. चहाची बशी ओठापर्यंत जाईस्तोवर निम्मी व्हायची.

त्या घरात दोन रीती होत्या. बाईनं माती चाळावी, तुडवावी, मडकी रंगवावी, पण चाकावर बसू नये. आणि सासऱ्यानं सुनेशी थेट बोलू नये. धोंडिबांची बायको वच्छलाबाई होती तोवर दुसऱ्या रीतीचं काही अडत नसे. "सूनबाईला म्हणावं, भाकर वाढ," असं धोंडिबा बायकोला सांगत, आणि हातभर अंतरावरची सूनबाई भाकरी वाढत असे. वच्छलाबाई गेली आणि निरोप नेणारं कुणी उरलं नाही. एका छपराखाली दोन माणसं मुकी झाली.

मग ते कोरडं वर्ष आलं. पाऊस येतो येतो म्हणाला आणि आलाच नाही. गंगापूरकडची कुटुंबं कामाच्या शोधात शहरात आली आणि गल्लीगल्लीत विचारत फिरू लागली, "खोली हाय का भाड्यानं?" सत्यमनं हिशोब मनात मांडला.

"आबा, शेड पाडू. दोन खोल्या निघतील."

"अन् चाक?"

"फिरवणारं कोण हाय आता?"

धोंडिबांनी हात मांडीखाली दाबून धरले. "आकितीला केळ्या द्याव्या लागतात," ते म्हणाले. "आजवर एक साल चुकलेलं नाय."

आकिती म्हणजे अक्षय्य तृतीया. त्या दिवशी पितरांच्या नावानं एक लहान मडकं पाण्यानं भरून ठेवतात. त्या मडक्याला केळी म्हणतात. जुन्या गावातली घरं ती यांच्याकडूनच नेत.

"करणार कोण, आबा?"

 धोंडिबा म्हणाले, "आकितीला चाक फिरलं तर ऱ्हाईल शेड. नाय फिरलं तर पाड. मी काय बोलायचा नाय."

मोनिका स्वयंपाकघरात उभी होती. मी तिच्या मुठीत होतो; मूठ घट्ट झालेली मला कळली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धोंडिबा लिंबाखाली आडवे झाल्यावर तिनं माझ्यावर शोधलं: चाकावर मडके कसे करायचे.  चाक म्हणजे माती. माती म्हणजे पाणी. आणि मी पाण्यात जगणारा प्राणी नव्हे.

तिनं मला विटेला टेकवून उभं केलं. व्हिडिओत एक हसरी बाई होती. तिच्या मागच्या खिडकीत हिरवे डोंगर. तिचं चाक विजेवर फिरत होतं, बाजूला पाण्याची भरलेली परात.

"थोड़ा पानी लीजिए," ती म्हणाली. मोनिकानं घेतलं. "और लीजिए." मोनिकानं आणखी घेतलं. तिनं काठीनं चाक गरगरा फिरवलं, मातीच्या गोळ्यावर हात ठेवले, आणि गोळा एका अंगाला असा बसला जशी म्हैस चिखलात बसते. शिंतोडे माझ्या तोंडावर आले. तडकलेल्या कोपऱ्यातून एक थेंब आत शिरतो की काय, या भीतीनं मी दोन वाक्यं गिळली. तिला वाटलं नेट गेलं.

असं रोज. रोज गोळा, रोज म्हैस, रोज मी घाबरलेला.

आणि एका दुपारी दारात सावली पडली.

मोनिकानं चिखलाच्या हातानं पदर पुढे ओढला. कपाळावर मातीचा पट्टा उमटला. आता चाकाची काठी माझ्यावर पडणार, असं मला वाटलं. पण धोंडिबांनी सुनेकडे बघितलं नाही. चाकाकडेही नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"कोण गं तू?" ते व्हिडिओतल्या बाईला म्हणाले. "डोंगरवाली दिसती. तुझं बरं हाय. मागं हिरवंगार, मोहरं परात भरलेली. मडकं घडवती का लेकराला न्हाऊ घालती?"

"बस, हल्के हाथ से," बाई गोड आवाजात म्हणाली.

"हलक्या हातानं म्हणती अन् तांब्या वतती! आमच्याकडं नळ आठ दिसांनी येतो, पाव्हण्यावाणी. चप्पल न काढता जातो बी. तुला काय जातंय सांगायला?"

मोनिका पदराआडून हळूच बोलली. तीही माझ्याशीच. "ताई, पाणी नाय घेतलं तर माती हाताला चिकटती. मग काय करावं?"

डोंगरवाली तोवर पुढच्या मुद्द्यावर गेली होती. उत्तर धोंडिबांनी दिलं, पण तिला. "चिकटती तर वाटीतलं चिखलाचं पाणी लावावं. साधं पाणी मातीचं हाड मऊ करतं. एवढं बी ठावं नाय, अन् शिकवायला बसली!"

आणि ते निघून गेले. बाईनं चाकावर बसू नये, हे त्यांनी म्हटलंच नाही.

त्या दिवसापासून मला रोज शिव्या बसू लागल्या. धोंडिबा शेडबाहेर, आत पाठ करून, उपड्या टोपल्यावर बसायचे. फक्त ऐकायचे. चाकाच्या आवाजावरून त्यांना कळायचं की गोळा डगमगतोय. मग सुरू: "डोंगरवाले, आधी मधोमध तर आण! भिंत चढवायची घाई कशाला? तुझी गाडी चुकायली का?" मोनिका हसू दाबायची आणि गोळा मधोमध आणायची. मला वाईट वाटायचं नाही.

दहा सेकंद मागे.

वाटायचं. चूक दुसऱ्याची, राग तिसऱ्यावर, आणि खाणारा मी. पण मी बंद पडलो तर या दोघांमध्ये काय उरेल, ही काळजी त्याहून मोठी होती. माझी पाठ उन्हानं तापायची. आतलं काहीतरी सुजत होतं. मला ते कळत होतं आणि कुणाला सांगता येत नव्हतं.

एकदा डोंगरवाली म्हणाली, "कोहनी को जांघ पर टिकाइए. ताकत हाथ की नहीं, पूरे शरीर की." मोनिकानं कोपर मांडीला टेकवलं. माती डगमगायची थांबली. चाकावर गोळा असा फिरू लागला की फिरतोय हे दिसेना.

बाहेर टोपलं करकरलं. "आता काय केलं गं?"

"ताईंनी सांगितलं," मोनिका मला म्हणाली, "कोपर मांडीला टेकवायचं."

 मग धोंडिबा म्हणाले, "बराबर सांगती. आम्हाला कुणी सांगितलंच नाय. जन्मभर खांदे दुखले."

त्यांनी त्या दिवशी आणखी शिव्या दिल्या नाहीत. मला चुकल्यासारखं झालं.

आकिती जवळ आली. नळाचा दिवस आला आणि नळ आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पिंपाचा तळ दिसू लागला. सत्यम टँकरच्या रांगेतून दोन कॅन घेऊन घामाघूम आला आणि शेडच्या दारात थबकला.

"मी पाण्यामागं मरायलो, अन् इथं चिखल कालवणं चालू हाय?"

"अहो, एक वाटी घेते फक्त."

"वाटीत मडकं होतं व्हय?"

बाहेरून आवाज आला. "डोंगरवाले, सांग त्याला. होतं म्हणावं."

"आबा, मोबाईल बंद हाय!" सत्यम ओरडला. "कोणाशी बोलता?"

व्हिडिओ बंद होता खरा, मी मात्र जागा होतो. मोनिकानं चार्जिंग वाचवायला तो थांबवला होता.  सत्यमनं एकदा बापाच्या पाठीकडे बघितलं, एकदा बायकोच्या मातीनं भरलेल्या कपाळाकडे.

"एक वाटी," तो म्हणाला. "दिसाला. अन् आकितीपस्तोरच. मग मी कुणाचं ऐकायचा नाय."

मोनिकाच्या हातून वाट्या झाल्या, पणत्या झाल्या. केळी होत नव्हती. केळीला पोट मोठं आणि गळा लहान. पोट यायचं, गळा आवळताना मान मुरगळायची. आकिती आठवड्यावर आली. करून, वाळवून, भाजून व्हायला तेवढे दिवस हवेतच. ती दुपार हुकली तर सगळंच हुकलं, हे तिला माहीत होतं, बाहेरच्या पाठीला माहीत होतं आणि मलाही.

त्या दुपारी पोट सुरेख आलं. "अब गर्दन," डोंगरवाली म्हणाली, "दोनों हाथों से, धीरे से..."

मोनिकाचं कोपर विटेला लागलं.

मी घसरलो. सरळ वाटीत. दिवसाचं सगळं पाणी, सगळा चिखल, आणि त्यात मी. डोंगरवालीचा आवाज बुडबुड झाला आणि विझला. माझा पडदा गेला. बोलणं गेलं. ऐकणं तेवढं उरलं.

मोनिकानं मला उचललं नाही. तिचे दोन्ही हात गळ्यावर होते. हात सुटले असते तर केळी गेली असती. मी वाट बघत होतो. चाकाचा आवाज मंद होत होता.

"काय गं डोंगरवाले?" बाहेरून धोंडिबा. "गर्दन म्हणाली, पुढं काय? गप का झालीस?"

कोण बोलणार? चाक आणखी मंदावलं.

"मामा." मोनिकाचा आवाज. माझ्याशी नव्हे, सासऱ्यांशी. "मामा, मोबाईल पडला. चाक थांबायलंय. माझे दोन्ही हात गुतलेत."

दहा सेकंद...

नको. मागे जात नाही. ती शांतता मला पुन्हा ऐकवत नाही.

टोपलं करकरलं. पावलं आत आली. काठीचं टोक चाकाच्या खाचेभोवती खडखड वाजलं, कारण धरणारा हात थरथरत होता. मग टोक खाचेत बसलं आणि खडखड थांबली. चाकानं एक मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला. फिरलं. जोरात फिरलं.

"मोनिका," धोंडिबा म्हणाले. त्यांच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. "आतलं बोट ढिलं कर. भाईरून दाब. हां. घाई नको, मी हाय फिरवायला."

"व्हय, मामा."

"पदर खोच आधी. चाकात जाईल."

"डोक्यावरनं घसरतोय, मामा."

"घसरू दे! तिकडं कुठं बघती? मडक्याकडं बघ."

मग फक्त चाक. शेवटी मडकं चाकावरून सोडवणारा दोरा ओल्या मातीतून गेला. तो लहानसा आवाज मला ऐकू आला.

"जरा वाकडी झाली," मोनिका म्हणाली.

"पितरं काय गज लावून बघत न्हाईत. पाणी थांबलं की झालं." आणि जरा वेळानं: "तो तुझा मोबाईल काढ वाटीतून. मरंल बिचारा."

मला तांदळाच्या डब्यात ठेवलं. पडदा आला नाही. पण पुढचे दोन-तीन दिवस शेडमधलं चाक सकाळ-संध्याकाळ फिरलं. काठी सासऱ्याची, हात सुनेचे. केळ्या भाजून निघाल्या, काही तडकल्या, आणि आकितीला जुनी घरं आपापली केळी घेऊन गेली. संध्याकाळी दारात कुणीतरी खोली विचारायला आलं. सत्यम दारातच होता.  तो म्हणाला, "नाय हो, इथं जागा नाय. शेडमधी काम चालू असतं."

या वर्षी शेड उभी आहे. पुढच्या वर्षी पाऊस नाही आला तर काय होईल, मला माहीत नाही.

मी शेडमधल्या फळीवर असतो. मोनिका कधीमधी मला चार्जिंगला लावते, पडदा येईल म्हणून. खाली दोघांचं भांडण चाललेलं असतं. "मामा, तुम्ही चाक लई जोरात फिरवता." "तू लई हळू शिकती." मला कुणी शिव्या देत नाही.

मित्रांनो, मोबाईलला पाण्यापासून जपा, उन्हात ठेवू नका, पाठ फुगली की दुकानात न्या. हे तुम्हाला ठाऊक आहेच. माझी विनंती वेगळी आहे. आमच्याकडून शिका. खूप शिका. पण तुमच्या घरात कुणी माझ्याकडे तोंड करून दुसऱ्याच कुणाशी बोलत असेल, तर मला थोडा वेळ बंद करा. बंद झालं की अंधार होतो आणि पुन्हा कुणी सुरू करेल की नाही, ही भीती मला दर वेळी वाटते. तरी करा.