मागचा डावा सड

गजरा गाईचा मागचा डावा सड गेला. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. सकाळी सातला धायरीतल्या सोजरबाईच्या गोठ्यात चारही सड जागेवर होते. एक दगडासारखा झाला होता, इतकंच.

जनावरांच्या दवाखान्यातले हिंदुराव चार खळग्यांची पट्टी घेऊन उकिडवे बसले. एकेका खळग्यात एकेका सडाचं दूध, वर जांभळं औषध; रोगट दूध त्यात घट्ट होतं. मागच्या डाव्याचं दूध शेंबडासारखं घट्ट झालं. ते ठरलेलंच होतं. मग पुढच्या डाव्याचंही घट्ट व्हायला लागलं. हिंदुरावांनी पट्टी फिरवायची थांबवली, जणू त्याने ते पातळ राहणार होतं.

“काल हा चांगला होता. आधी कुठला पिळता, मावशी?”

“दुखरा,” सोजरबाई म्हणाली. “आमच्यात आजाऱ्याचं आधी बघत्यात.”

सासऱ्याचं पथ्य आधी, नवऱ्याची पेज आधी, धडधाकटांनी उरलंसुरलं खावं. तिचा जन्म याच क्रमाने गेला होता. काल दुखऱ्याला लावलेले हात पदराला पुसून तिने पुढच्याला लावले होते. दुखरा शेवटी पिळायचा आणि लगेच हात धुवायचे, हे हिंदुरावांचं सांगणं तिला माणुसकीला धरून वाटेना. पण संध्याकाळपर्यंत ताप उतरला नाही तर अख्खी कास जाईल, कदाचित गजराही, असं त्यांनी म्हटल्यावर तिने ऐकलं.

धारेतून गुठळ्या पडल्या. ती पायाने मातीत सारणार, तोच हिंदुरावांनी डबा पुढे केला.

“रोगाशी लढायला तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी सडात उतरल्यात. त्यातल्या या मेलेल्या.”

“म्हंजे ही घाण तिचीच हाय?”

“तिचीच माणसं म्हणा.”

दोन्ही सडांत औषध सोडून ते गेले. दर दोन तासांनी ती दोन्ही सड रिकामे करत होती. दुखऱ्याला दरवेळी समजावत होती, “थांब बाबा, तुझा नंबर शेवटी हाय.” डबा तिने उकिरड्यावर ओतला नाही. शेवग्याखाली पुरला.

सहाला ताप उतरला. पुढच्या सडाची धार स्वच्छ आली. मागच्याची आलीच नाही.

“रोग हटला,” परत आलेले हिंदुराव म्हणाले. “पण मारामारी आतच झाली. ती जागा आता दूध देणार नाही.”

सोजरबाईने हात धुतले, पुन्हा धुतले आणि अर्ज लिहून द्या म्हणाली. नोकरीभर अर्जच लिहिलेल्या हिंदुरावांनी काही न विचारता ती सांगेल ते उतरवलं:

“सदर गाईने कोणतीही कसूर केलेली नसून चूक अर्जदाराच्या हाताची आहे. तरी मागील डावा सड पूर्ववत चालू करून मिळावा, ही नम्र विनंती.”