पिंपातलं पाणी

लग्न होऊन महादेवी हुपरीजवळच्या त्या गावात आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दारालगतची पुढची खोली, सोपा, झाडला, केर सुपलीत भरला आणि सवयीनं बाहेर टाकायला निघाली. सासूनं, चन्नम्मानं, उंबऱ्यातच तिचा हात धरला.

"ह्या घरातला केर भायर जात न्हाय," ती म्हणाली. "आजपास्नं ध्येनात ठेव."

महादेवीचं माहेर कोडोलीचं. तिथं ऊस आणि म्हशी, केर सरळ उकिरड्यावर. सासरी चांदीचं काम होतं. सोप्यात बसून पैंजणाच्या कड्या कापायच्या, जोडायच्या, घासायच्या. परसात छपराखाली भट्टी. कानस मारताना चांदीचा कीस उडतो, तो डोळ्यांना दिसत नाही, पण फरशीवर, लुगड्यावर, केसांत असतोच. म्हणून झाडलेली धूळ डब्यात जायची. हात घंगाळात धुवायचे आणि ते पाणी मोरीत न ओतता कोपऱ्यातल्या पिंपात. कामाचे कपडेही त्याच पाण्यात खळबळायचे. पिंपाच्या तळाशी गाळ साचला की परसात पोत्यावर पसरून वाळवायचा आणि सणाच्या आधी धुळीबरोबर भट्टीत घालायचा. महादेवीचा नवरा बसवेश त्यात शिशाचे तुकडे टाकायचा. शिसं वितळलं की चांदीतला मळ आपल्याकडं ओढून घेतं, थोडं खालच्या राखेत मुरतं, थोडं धुरात जातं, आणि शेवटी चांदीची गोळी लखलखत उरते. धुरात गेलेलं पुढं कुठं जातं, हे कुणी विचारलं नव्हतं.

वर्षभरात महादेवी या रीतीत इतकी तयार झाली की माहेरी गेल्यावरही हात धुताना खाली भांडं शोधायची. आई हसायची.

सुष्मिता चौऱ्याण्णव साली झाली. त्या वर्षी गावात हेच नाव ठेवलेल्या चार मुली झाल्या. ही त्यातली सगळ्यात बोलकी. अडीच वर्षांची असताना आजीच्या मांडीला टेकून वीसपर्यंत कड्या मोजायची आणि चुकली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. चन्नम्मा शेजारणींना बोलावून ते दाखवायची. चौथ्या वर्षी पोट दुखायला लागलं. जंत झाले म्हणून औषध दिलं, दृष्ट काढली. रंग उतरला, जेवण तुटलं. मोजताना बारावर अडायला लागली, मग नवावर. अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात एका दुपारी तिला झटका आला आणि बसवेशनं तिला मोटरसायकलवर मध्ये धरून, मागं महादेवीला बसवून कोल्हापूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या, कमी बोलायच्या. त्यांनी पोटाबद्दल विचारलं, झटक्याबद्दल विचारलं आणि मग घरात काम काय चालतं ते विचारलं. उत्तर ऐकल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं. रक्त मुंबईला पाठवलं. आकडा आला बहात्तर. दहाच्या आत हवा होता. रक्तात शिसं आहे, ते मेंदूला धरतं आणि लहान मुलांना जास्त धरतं, असं त्यांनी सावकाश दोनदा सांगितलं. मुलीला दवाखान्यात ठेवून इंजेक्शनं दिली. घरी जाताना बजावलं, की घरात ते पुन्हा पोटात गेलं तर हे औषध फुकट जाईल.

महादेवी दहावी झालेली. तिनं सगळं वहीत लिहून घेतलं. भट्टी घरातून हलवायची. मुलीला कामाच्या जागी येऊ द्यायचं नाही. कोरडं झाडायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं. हात साबणानं, वरून पाणी ओतून धुवायचे. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळायचे नाहीत. दूध, अंडी, पालेभाजी.

घरानं त्यातलं काहीही टाळलं नाही. बसवेशनं भट्टी गावाबाहेर भावकीच्या शेडात नेली. चन्नम्मानं केरसुणी खुंटीला टांगली आणि गुडघे दुखत असताना सोपा दिवसातून तीनदा पुसायला घेतला. लिंगायताच्या घरात अंडं शिजायचं नाही, म्हणून तिनं दूध दुप्पट केलं. सुष्मिता सोप्यात फिरकली की तिला उचलून परसात नेऊन ठेवायची. भट्टी गेल्यानं परस मोकळं झालं होतं, उन्हाचं होतं. तिथं तिच्यासाठी जुनं घोंगडं अंथरलं.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा एक्क्याऐंशी.

डॉक्टरीणबाईंनी वही मागून घेतली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेल्या. फरशी पुसता?

"व्हय. तीन येळा."

"फडकं पिळल्यावर ते पाणी कुठं टाकता?"

"टाकत न्हाय," महादेवी म्हणाली. त्यात विचारण्यासारखं काय आहे, तेच तिला कळेना. "पिंपात ठेवतो की."

"आणि तळाचा गाळ?"

"परसात वाळवतो."

बाईंनी वहीवरचं बोट उचललं. "सुष्मिता खेळते कुठं?"

"परसात," महादेवी म्हणाली आणि वहीतल्या ओळी पुन्हा वाचू लागली. पाणी फेकून द्या, एवढी एकच ओळ वहीत नव्हती. ती लिहावी लागेल असं बाईंना वाटलं नव्हतं. जगात सगळीकडं मळकं पाणी फेकूनच देतात.

घरी आल्यावर चपलासुद्धा न काढता तिनं पिंप कलतं केलं आणि दाराबाहेर गटारात उपडं केलं. बसवेश उठून उभा राहिला. त्या पाण्यात घासताना उडालेली सहा महिन्यांची चांदी होती. तो काही बोलायच्या आत महादेवी म्हणाली, "पोरीच्या पोटात गेलंय ते. आणि किती घालायचं?" तो खाली बसला. चन्नम्मानं खुंटीवरची केरसुणी काढली. परसातला वाळलेला गाळ तिनं आधी पाणी मारून भिजवला, मग ओढत ओढत घरातून दारापर्यंत आणला आणि उंबऱ्याबाहेर लोटला. उंबऱ्याशी तिचा हात थांबला होता, पण तिनं लोटला.

त्यानंतर आकडा उतरत गेला. छप्पन्न, चौतीस. दोन हजार एकच्या दिवाळीनंतर एकोणीस. दर वेळी महादेवी तो वहीत मांडायची. सुष्मिता तेव्हा सात वर्षांची होती आणि दुसऱ्यांदा पहिलीत बसली होती. पाचपर्यंत मोजायची, मग समोरच्याच्या तोंडाकडं बघत राहायची. आकडा दहाच्या खाली गेला म्हणजे पोर पहिल्यासारखी होईल का, हे महादेवीनं तीन वर्षांत एकदाच विचारलं.

"रक्तातलं उतरतंय, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जे गेलं ते परत येईल, असं मी सांगणार नाही."

त्याच आठवड्यात एका दुपारी महादेवी सगळ्यांनी हात धुतलेल्या पाण्याचं घंगाळ घेऊन दारात आली, मागोमाग सुष्मिता, तर गटाराशी एक बाई बसलेली. झारेकरीण होती, सोनारांच्या दारातली माती धुऊन चांदी काढणारी. पत्र्याच्या डब्यानं ती गटारातला गाळ खरवडत होती. शेजारी ओल्या मातीत तिची वर्ष-दीड वर्षाची पोर बसली होती आणि बोटं चोखत होती.

"त्या मातीत शिसं हाय," महादेवी म्हणाली. "विख असतंय त्ये. पोरीला तितं बसवू नगा."

बाईनं आजूबाजूला पाहिलं. "मग कुठं बसवू?"

"माझी पोर बघा," म्हणत महादेवीनं सुष्मिताला पुढं घेतलं. बाईनं तिच्याकडं पाहिलं, पण ओल्या हातांची, धडधाकट दिसणारी, हसरी मुलगी पाहून तिला काय कळणार? ती उलट खूश होऊन म्हणाली, "अक्का, हितं चांगलं गावतंय बगा. दुसरी घरं थेंब सांडत न्हाईत. तुमी तेवढं वतायचं बंद करू नगा."

महादेवी घंगाळ धरून उभी राहिली. आत पिंप नव्हतं. परसात ओतावं तर तिथं सुष्मिता खेळायची. ती बाई पोरीला काखेला मारून चार पावलं पुढं सरकेपर्यंत महादेवी थांबली, आणि मग पाणी ओतलं. वळून आत जाताना तिला मागं डब्यानं खरवडल्याचा आवाज ऐकू आला.