सहा गाठी वर

मी दीपमाला. समुद्रपूर तालुक्यातल्या एका शाळेत शिपाई आहे, आणि पटल्याशिवाय मी कुणाचं ऐकत नाही. शाळेत प्रयोगशाळा परिचराची जागा निघाली होती. त्यासाठी दहावी पास हवी. बाकीचे विषय बाहेरून बसून काढले, पण गणितात दोनदा लटकले. एकदा एकतीस, एकदा तेहेतीस. मार्चमध्ये तिसरी खेप होती. यंदाही गेलं तर जागा दुसऱ्याला, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं होतं.

माझं घोडं उण्याच्या चिन्हावर अडायचं. माझी लेक मेघा आठवीत. ती मला शिकवायची.

"उणे उणे अधिक. पाठ करून टाक ना, आई."

"दोन उणे एका जागी आले तर अजून उणं होईन. अधिक काऊन?"

"सरांनी सांगतलं म्हणून."

हे ऐकलं की माझं डोकं सणकायचं. तरी पाठ केलं, आणि मग बेरजेतही उणे उणे अधिक ठोकत सुटले. मेघाने कपाळाला हात लावला.

जानेवारीतल्या एका रविवारी पुस्तक घेऊन शेतात गेले. गव्हाला पाणी चालू होतं. माझे सासरे, मामाजी, मोटर लावण्याआधी गाठी मारलेली दोरी विहिरीत सोडतात आणि पाणी किती गाठींवर आहे ते कोळशाने भिंतीवर लिहून ठेवतात. त्या दिवशी विसरले. दहा वाजता आठवलं.

"सूनबाई, सातले मोटर लावली तवा पाणी कुठी असन?"

"तासाले किती उतरते?"

"दोन गाठी."

"मंग आत्तापेक्षा सहा गाठी वर असन," मी वर न बघताच म्हणाले.

म्हणाले आणि तिथेच थांबले. तासाला दोन गाठी खाली, म्हणजे उणे दोन. तीन तास मागे, म्हणजे उणे तीन. आणि पाणी सहा गाठी वर. गुणाकारात एक उणे पाण्याचं होतं, दुसरं घड्याळाचं. बेरजेत तसं नाही. तिथे दोन्ही उणे पाण्याचीच, खाली गेलेलं आणखी खालीच जाणार. मला इतका आनंद झाला की पुस्तक चिखलात पडलं तरी उचलायचं सुचेना. सगळ्या शाळेशी मी उगाच भांडत होते.

"मामाजी, तुमी मले काऊन नाई सांगतलं?"

"काय?" मामाजी म्हणाले. त्यांना भिंतीवर आकडा लिहायची घाई होती.

परीक्षेत प्रत्येक उदाहरणाला मी विहीर डोळ्यांसमोर आणत होते. मान खाली, मान वर, पुन्हा खाली. पर्यवेक्षक सर येऊन उभे राहिले.

"काय पाहून राहिल्या, बाई?"

"पाणी, सर."

त्यांनी मला उठवून पहिल्या बाकावर बसवलं आणि शिपायाला पाण्याचा ग्लास आणायला सांगितलं.

निकाल पाहायला एकटीच झेरॉक्सच्या दुकानात गेले. तिथल्या पोराने नंबर टाकला, पडदा माझ्याकडे फिरवला. गणित: एकेचाळीस. मी तिथेच हमसून हमसून रडायला लागले. दुकानातलं पोरगं बिचारं घाबरलं, त्याने स्टूल पुढे केलं.

"राहू द्या, काकू. पुढच्या वेळी गणित निघून जाईन."

"पुढची वेळ नाई आता, बाबू," मी डोळे पुसत म्हणाले. "पास झाली मी."