पानगळीतला खोकला

नीनाचा खोकला उन्हाळा सरता सरता सुरू झाला आणि ऑक्टोबर आला तरी हटेना. एक्स-रे स्वच्छ होता, इन्हेलरनंही फरक पडला नव्हता. शेवटी मैत्रीण मोनाच्या आग्रहाखातर ती अमेरिकेतल्या डब्लिन गावात हान नावाच्या एका कोरियन वैद्यबाईंकडे गेली. गाडी तिचा नवरा यतीन चालवत होता. कुठं वळायचं ते नीना सांगत होती.

हानबाईंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली आणि बराच वेळ डोळे मिटून घेतले.

"आमच्या शास्त्रात शरद ऋतू फुफ्फुसांचा मानतात," त्या म्हणाल्या. "दुःखही तिथंच साठतं. तुमचं कोण गेलं?"

"कोणी नाही."

"नक्की?"

"मुलगा शिकागोला मजेत आहे. नवरा बाहेर बसलाय." नीना हसली, आणि हसता हसता खोकली.

सुया टोचणं चालू असताना बाहेरून यतीनचा आवाज आला. "माझी बायको आत आहे का?" रिसेप्शनवरच्या मुलीनं हो म्हटलं. जरा वेळानं त्यानं पुन्हा तेच विचारलं. मग आणखी एकदा, तितक्याच अदबीनं.

हानबाईंचा हात थांबला. "हे कधीपासून?"

नीना छताकडे बघत राहिली. "मार्चपासून. मी कोणाला बोलले नाहीये. बोललं की खरं होईल असं वाटतं."

"माणूस समोर असतानाही त्याच्यासाठी रडता येतं," हानबाई म्हणाल्या. "रडा. पण त्यांना आधी मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. ते माझ्या सुयांचं काम नाही."

नीना बाहेर आली तेव्हा यतीनची खुर्ची रिकामी होती.

"गाडी दारात आणतो म्हणाले," ती मुलगी म्हणाली.

गाडी आलीच नाही. नीनानं त्याला फोन लावला. तो खुर्चीवरच वाजला. आठवडाभर यतीन जुन्या घराच्या अंगणातल्या मेपलच्या झाडाबद्दल बोलत होता. ते घर विकून कितीतरी वर्षं झाली होती.

हानबाईंनी तिला आपल्या गाडीतून तिकडे नेलं. वळणावरच पोलिसांच्या गाडीचे निळे-लाल दिवे दिसले. घराची आताची मालकीण काचेच्या दाराआड फोन कानाला लावून उभी होती. अंगणात यतीन भलंमोठं दाताळं घेऊन पानं ओढत होता, आणि एक पोलीस, हात कमरेच्या पट्ट्यावर ठेवून, ते खाली टाकायला ओरडून सांगत होता. यतीनला ते ऐकू येत नसावं.

"प्लीज!" नीना दोन्ही हात वर करून पुढे गेली. "माझे मिस्टर आहेत ते. त्यांना बरं नाहीये. त्यांना आठवत नाही."

इतके महिने गिळलेलं वाक्य अनोळखी माणसासमोर बाहेर पडलं, आणि ती रस्त्यातच हुंदके देऊन रडू लागली. पोलिसानं हात खाली घेतला. यतीनच्या हातातलं दाताळं काढून घेतलं आणि गाडीची चावी तिला दिली.

तिनं तिथूनच मुलाला फोन केला. "आई, हाऊ लाँग?" अनिशनं विचारलं. तिनं सांगितलं.

यतीन मुकाट्यानं गाडीकडे आला. तिच्या शेजारची सीट सोडून तो मागे बसला, बेल्ट लावला. आयुष्यभर तो तिला 'ए नीना' म्हणत आला होता.

"जरा सावकाश चालवा हं," तो सौजन्यानं म्हणाला. "घरी बायको वाट बघत असेल."